‘नाकारली’ या रकान्याशेजारी थोडी जागा सोडा

फ्लूच्या लसीकरणाच्या मोहिमा आखणाऱ्या सर्व आरोग्य अधिकाऱ्यांस,

सादर नमस्कार.

मी परिचारिका आहे. फ्लूच्या लशीचा हंगाम सुरू झाला की सकाळी आधी फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये आहे ना ते बघायचं, ट्रे भरायचा आणि रजिस्टर उघडायचं, अशी माझ्या दिवसाची सुरुवात होते. हे पत्र त्या रजिस्टरामुळे लिहिते आहे. वरून येणाऱ्या छापील पानावर प्रत्येक नावापुढे दोन रकाने असतात, ‘दिली’ आणि ‘नाकारली’. हंगाम संपला की दोन्हींची बेरीज तुमच्याकडे जाते. ‘दिली’ची बेरीज कमी भरली की पुढच्या वर्षी आमच्याकडे नवी पोस्टरं येतात आणि त्यांवरची अक्षरं आदल्या वर्षीपेक्षा मोठी असतात. ‘नाकारली’ या रकान्यात मी आजवर किती खुणा केल्या ते मोजलेलं नाही. पण त्या खुणांमागची माणसं मला आठवतात, आणि त्यांतल्या फार थोड्यांना पोस्टरची गरज होती.

एका आजोबांचं सांगते. सत्तरी ओलांडलेले, जुना दमा. खुर्चीत बसले, डावी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि तिथेच थांबले. म्हणाले, “सिस्टर, गेल्या वर्षी घेतली होती. पाचव्या दिवशी तापाने फणफणलो. आठ दिवस उठलो नाही.” माझ्या हातात स्पिरिटचा बोळा होता, बाहेर रांग होती. मी म्हटलं, “लशीने फ्लू होत नाही आजोबा. मेलेला विषाणू असतो त्यात.” वाक्य खरं होतं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, बाही घडीघडीने खाली सोडली, मनगटाची गुंडी लावली. “म्हणजे मी खोटं बोलतो?” एवढंच विचारलं आणि उठून गेले. मी ‘नाकारली’पुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. त्यांनी लस घेतली. मी आजोबांची चौकशी केली तर म्हणाल्या, “ते नाही यायचे. ते म्हणतात, त्या सिस्टरला माझं आजारपण मान्यच नाही.”

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आजोबांनी लशीवर आक्षेप घेतलाच नव्हता. त्यांनी आपल्या आयुष्यातली एक घटना सांगितली होती आणि मी ती घडलीच नाही असं उत्तर दिलं होतं. ते आजारी पडले होते, हे खरं होतं. कशाने, एवढाच प्रश्न होता. लस टोचल्यावर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पाचव्या दिवशी आलेला ताप हा त्याआधीच अंगात शिरलेल्या फ्लूचा असू शकतो, किंवा त्याच दिवसांत फिरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या विषाणूचा. ज्या दिवसांत आपण लस देतो, त्याच दिवसांत सर्दी-खोकल्याचे कितीतरी विषाणू घराघरांत फिरत असतात. शिवाय काहींना लशीनंतर एक-दोन दिवस कणकण येते, अंग मोडून येतं, तेही आपण मोघमपणे उडवून लावतो. निम्म्या लोकांना लस आणि निम्म्यांना नुसतं सलाइन टोचून ज्या चाचण्या झाल्या, त्यांत लस घेतलेल्यांचा दंड जास्त दुखला आणि लाल झाला. ताप, खोकला, घसा यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं. सांगायला चार मिनिटं लागली असती. त्याआधी ऐकायला आणखी दोन.

आपल्या बोलण्यातच एक अडचण आहे. आपण सर्दी-पडशालाही फ्लू म्हणतो, तीन दिवसांच्या तापालाही फ्लू म्हणतो आणि माणसाला अंथरुणाला खिळवणाऱ्या इन्फ्लुएन्झालाही फ्लूच म्हणतो. मग लस घेऊनही वर्षात दोनदा नाक गळलं की माणूस म्हणतो, काय उपयोग झाला? त्याच्या हिशेबाने त्याचं बरोबरच असतं. लस कशाविरुद्ध आहे हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

२०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. तिथल्या ४३ टक्के लोकांना वाटत होतं की लशीमुळे फ्लू होऊ शकतो. संशोधकांनी त्यांना अधिकृत माहिती दाखवली. गैरसमज खरोखरच कमी झाला. पण ज्यांना दुष्परिणामांची सर्वांत जास्त काळजी होती, त्यांची लस घेण्याची तयारी त्या माहितीनंतर उलट घटली. माहिती पटली आणि माणूस मात्र आणखी दूर गेला! हे वाचताना मला आजोबांची खाली सरकणारी बाही दिसत होती. काळजी करणाऱ्या माणसाची एक शंका आपण खोडून काढली की तो दुसरी शोधतो, कारण काळजी तशीच शिल्लक असते. म्हणून मोठ्या अक्षरांच्या पोस्टरांवरचा माझा भरवसा उडाला आहे.

आता आपण काय कबूल करतो त्याविषयी. ‘लस घ्या, फ्लूपासून सुरक्षित राहा’ असं पोस्टरवर छापलेलं असतं. लस आणि त्या वर्षीचा विषाणू यांचं चांगलं जुळलं तर डॉक्टरकडे जावं लागेल इतक्या आजाराचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे समजा लस न घेतलेल्या शंभरांपैकी दहा जण आजारी पडणार असतील, तर घेतलेल्या शंभरांत चार ते सहा पडतील. घेऊनही आजारी पडणाऱ्यांत रुग्णालयात जाण्याची वेळ कमी जणांवर येते. पण काही वर्षी अंदाज चुकतो. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत लशीची परिणामकारकता जेमतेम १९ टक्के भरली, कारण एच३एन२ हा प्रकार लशीचे घटक ठरल्यानंतर बदलला होता. हे कुणाच्या हलगर्जीपणामुळे घडत नाही. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात लशीचे घटक सुचवते. तिथून लस तयार होऊन माझ्या ट्रेमध्ये येईपर्यंत कित्येक महिने जातात आणि विषाणू तेवढा वेळ थांबून राहत नाही. ही गोष्ट नवीही नाही. अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी या लशीला परवाना मिळाला १९४५ साली, आणि १९४७ सालीच विषाणूने रूप बदलून ती निष्प्रभ केली. दर वर्षी नवी लस का, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. ही हकिगत सांगितली की लोक माना डोलावतात. त्यांना समजतं. आपणच धरून चालतो की त्यांना समजणार नाही.

पोस्टरवर खरा आकडा छापला तर लोक घ्यायचे थांबतील, अशी तुमच्यापैकी अनेकांना भीती वाटते. एका बैठकीत मला तसं सांगितलंही गेलं. माझा अनुभव वेगळा आहे. पूर्ण संरक्षणाचं आश्वासन ऐकून आलेला माणूस आजारी पडला की फसवला गेल्यासारखा होतो, आणि तो एकटा जात नाही, घरातली चार माणसं घेऊन जातो. ‘धोका निम्म्यावर येईल, पूर्ण जाणार नाही’ असं ऐकून आलेला माणूस आजारी पडला तरी पुढच्या वर्षी येतो.

हीच गोष्ट दुष्परिणामांची. एक ताई फाइल हातात धरून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “या लशीने पाय लुळे पडतात असं वाचलं. खरं आहे का?” माझ्या शेजारची सहकारी पटकन म्हणाली, “काहीतरी वाचू नका हो.” मी त्यांना बाजूला बसवलं आणि १९७६ सालची हकिगत सांगितली. अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईघाईने लस दिली गेली. साथ आलीच नाही. पण लस घेतलेल्यांमध्ये गियाँ-बारे या आजाराचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचे, जास्तीचे रुग्ण आढळले. प्रमाण लाखात साधारण एक. डिसेंबरात ती मोहीम थांबवली गेली. आज दरवर्षी देतो त्या लशीबाबत हा जास्तीचा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन इतका धरला जातो, आणि खुद्द फ्लू झाल्यानेही हाच आजार होऊ शकतो, लशीपेक्षा जास्त प्रमाणात. त्यांना पूर्वी हा आजार झाला होता का, हेही मी विचारलं, कारण तसं असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लस देत नाहीत. त्या ताई त्या दिवशी घरी गेल्या. रजिस्टरात ‘नाकारली’. पुढच्या आठवड्यात आल्या आणि घेऊन गेल्या. मधल्या आठवड्यात त्यांनी विचार केला होता. त्यासाठी तुमच्या पानावर रकाना नाही.

काही नकार तर वेगळीच भाषा बोलतात. एक धिप्पाड गृहस्थ दारातूनच म्हणाले, “माझा या लशीबिशींवर विश्वास नाही.” कपाळावर घाम, नजर माझ्या ट्रेवर. मी सिरिंज कापडाखाली सरकवली आणि विचारलं, “रक्त तपासायला जाता तेव्हा चक्कर येते का?” ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “दोनदा पडलोय.” त्यांना आडवं करून, भिंतीकडे तोंड करून, गप्पा मारत लस दिली. सुईची भीती मोठ्या माणसाला सांगायची लाज वाटते, म्हणून तो मत सांगतो. अशा मतासमोर आकडेवारी मांडून काय होणार?

आणि जे खरोखर निर्धास्त असतात? “मला आजवर फ्लू झाला नाही, मला कशाला?” असं म्हणणारे तरुण पुष्कळ. त्यांच्याशी मी फारसा वाद घालत नाही. जगभरात दरवर्षी ३० ते ५० लाख लोकांना गंभीर इन्फ्लुएन्झा होतो आणि श्वसनाच्या गुंतागुंतीमुळे २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार लोक दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा तरुणाला दूरचा वाटतो. हृदयविकार असलेल्या पन्नाशीच्या माणसाला मात्र मी एक गोष्ट आवर्जून सांगते. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात असं दिसलं की तपासणीत फ्लू निघाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहा पटींवर जातो. हे ऐकलं की खुर्चीतला माणूस जरा पुढे सरकून बसतो. फ्लू म्हणजे फक्त नाक आणि घसा, ही समजूत तिथे मोडते.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते ‘हो’ म्हणणाऱ्यांनी. त्यांना तुम्ही कधी विचारता का, की बाबा, तू का घेतलीस? मी विचारते. बहुतेकांचं उत्तर, “डॉक्टर म्हणाले.” त्यांचे नेहमीचे डॉक्टर, नाव घेऊन म्हणाले. दुसरं उत्तर, “दरवर्षीच घेतो.” एकदा घेतलेल्याला पुढच्या वर्षी समजवावं लागत नाही, पाय आपोआप वळतात. म्हणूनच ते एक आजोबा हातचे गेल्याची मला एवढी रुखरुख लागली. त्यांच्यापुढची सगळी वर्षं मी एका वाक्यात घालवली होती. तिसरं उत्तर घरातल्या कुणाचं तरी असतं. एका तरुणाने सुई टोचेपर्यंत तोंड उघडलं नाही, नंतर म्हणाला, “बायकोची केमो चालू आहे. माझ्याकडून तिला काही जायला नको.” पोटुशी बाई येते ती पोटातल्या बाळासाठी. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत, पण आईने गरोदरपणी घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. हे सांगितलं की ती स्वतःच बाही वर करते. जपानमध्ये १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जात होती. १९९४ मध्ये तो कार्यक्रम बंद झाल्यावर वृद्धांचे मृत्यू पुन्हा वाढले, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मुलांच्या दंडात टोचलेली लस आजी-आजोबांना जपत होती. दुसऱ्यासाठी लस घेणारी माणसं मला रोज भेटतात आणि पोस्टरवर मात्र ‘स्वतःला वाचवा’ एवढंच असतं.

शिवाय एक फार मोठा गट आहे, जो ना ‘दिली’मध्ये आहे ना ‘नाकारली’मध्ये. त्यांचं राहून जातं. “घ्यायचीय हो सिस्टर, पण कामावरून निघेपर्यंत तुमचं दार बंद होतं.” अशांना निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१४ साली लस न घेण्याची कारणं मांडताना विश्वास आणि गाफीलपणा यांच्या बरोबरीने सोय हेही कारण धरलं होतं. आपण पहिल्या दोहोंवर भाषणं देतो आणि तिसऱ्याकडे बघत नाही. खरं तर तिसरंच आपल्या हातात आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ‘हवी असेल तर वेळ घ्या’ असं कळवलं, तर काहींना थेट दिवस आणि वेळ ठरवूनच दिली, नको असेल तर रद्द करायची मुभा ठेवून. पहिल्या गटात ३३ टक्क्यांनी लस घेतली, दुसऱ्यात ४५ टक्क्यांनी. कुणाचंही मत बदललं नाही, फक्त दाराशी एक पायरी कमी केली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात कर्मचाऱ्यांना पत्रावर आपणच तारीख आणि वेळ लिहायला सांगितली, तेवढ्यानेही ३३ चे ३७ टक्के झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात ४७ हजारांहून अधिक रुग्णांवर वेगवेगळ्या धर्तीचे १९ संदेश पाठवून पाहिले, त्यांत सर्वांत चांगला चालला तो साधा संदेश होता: तुमची लस तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. भीती नाही, आकडे नाहीत. कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढंच.

आपल्या लोकांविषयीही बोलते, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. दिवसभर दुसऱ्यांना लस टोचून स्वतः न घेणाऱ्या परिचारिका मी पाहिल्या आहेत. त्यांना नियम लावावा की नाही यावर तुमच्यात मतं वेगवेगळी आहेत. सक्तीने टक्का वाढतो हे मला मान्य आहे, आणि अतिदक्षता विभागात, कर्करोग विभागात काम करणाऱ्यांना सूट असू नये असंही मला वाटतं. पण ड्युटीवर बारा तास उभी असलेली बाई जेव्हा म्हणते, “दंड दुखला तर उद्या पेशंट कोण उचलणार, आणि ताप आला तर रजा कोण देणार?” तेव्हा ती अडाणी नसते. तिला लशीनंतर एक दिवस हलकं काम द्या आणि मग बघा. रुग्ण आम्हाला हमखास विचारतात, “तुम्ही घेतली का?” त्या प्रश्नाला नजर चुकवून उत्तर देता येत नाही.

आजोबांचं राहिलं. तिसऱ्या वर्षी ते दम्याचा पंप घ्यायला आले तेव्हा मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, “त्या वेळी तुम्हाला नक्की काय झालं होतं ते मला सांगा. मी ऐकलंच नव्हतं.” त्यांनी सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी थंडी वाजली, रात्री कोण उठवत होतं, किती दिवस जेवण गेलं नाही. मग मी दोन आठवड्यांचं सांगितलं, दुसऱ्या विषाणूंचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “यंदा होणार नाही याची हमी देता?” मी म्हटलं, “नाही देत. कमी होईल, झालाच तर बहुधा सौम्य होईल, एवढं सांगते.” त्यांनी त्या वर्षी घेतली. नंतरच्या वर्षी ते आले नाहीत. का, ते मला अजून कळलेलं नाही, आणि रजिस्टर बघून कळणारही नाही.

म्हणून माझी मागणी. ‘नाकारली’च्या शेजारी कारण लिहायला एक रकाना द्या. अर्ध्या ओळीचा चालेल. ‘राहून गेलं’ आणि ‘विचार करून सांगते’ यांना ‘नाकारली’त ढकलायला आम्हाला लावू नका. दर माणशी सहा मिनिटं धरून रांगेचं वेळापत्रक बांधा, दोन मिनिटं धरून नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी दार उशिरापर्यंत उघडं ठेवायला माणसं द्या. पोस्टर छापायचंच असेल तर त्यावर ४० ते ६० हा आकडा छापा.

गेले दोन हंगाम मी समासात पेन्सिलने लिहिते आहे. ‘मागच्या वर्षी ताप.’ ‘सुई.’ ‘मुलाला विचारून येते.’ ‘सुट्टी नाही.’ ‘अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून कुणीतरी परत पाठवलं.’ हे शेवटचं कारण तर आता अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शनात अडसर उरलेलंच नाही, पण त्या बाईंना ते सांगितलं कुणी? वर जाणाऱ्या प्रतीत समास येत नाही, फक्त बेरीज येते. पुढच्या हंगामाची रजिस्टरं छपाईला जाण्याआधी माझ्या दोन्ही वह्या बघायला कुणाला तरी पाठवा. मी त्या पुसलेल्या नाहीत.

आपली,
लसीकरण कक्षातली एक परिचारिका